दहापैकी किती?

डॉक्टरांबद्दल लिहिण्याएवढा मी मोठा नाही, आत्ताच कुठे कॉलेजात गेलोय, माफ करा. आळे गावातले आमचे फिजिओथेरपीवाले डॉक्टर आईला आखडलेला हात वर करायला लावत, कोन मोजत आणि विचारत, "मावशी, दहापैकी दुखणं किती?"

"दहा!" आई दर वेळी हसून सांगे.

हळूहळू हात तर पार कानाला लागू लागला, तरी आकडा दहाच. डॉक्टर डोकं खाजवत, वही मागेपुढे चाळत. एकदा त्यांनी स्वतःचाच खांदा मोजून पाहिला. शेवटी पडेल आवाजात म्हणाले, "ऑपरेशनच लागणार बहुतेक."

आई दचकली. "आवं, दुखायचं कवाच थांबलंय! तुमी एवढी मेहनत घेता, मंग तुमचा एक तरी मार्क कसा कापू?"