चालीवर लावलेली झाडं

दयाराम पळस्प्याचा. पनवेलला एका वैद्यबुवांच्या औषधी बागेत तो माळी होता, आणि पाहुण्यांना बाग दाखवण्याचा मान त्याचाच. पाहुणे येणार म्हटलं की धुवट सदरा, टोपी जरा तिरपी. मग फाटकापासून एकेका झाडाची ओळख करून देई, घरातली माणसं दाखवावीत तशी.

छप्पन-सत्तावन साली वैद्यबुवांचे चिरंजीव कारभार पाहू लागले. ते म्हणाले, "आता झाडांची शास्त्रीय नावंही सांगायला हवीत." आणि नेमका त्याच सुमारास उरणचा बस्त्याव बागेत कामाला लागला. लहानपणी तो चर्चमध्ये पाद्र्यांच्या हाताखाली असे. तिथली प्रार्थना तेव्हा लॅटिनमध्ये होई. त्यानं झाडावरची इंग्रजी पाटी वाचून 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' असं काही म्हटलं, की वाटे, गुळवेल त्याच्याच दारात वाढली असावी.

दयाराम संध्याकाळी माझ्याकडे आला.

"गुरुजी, त्या बस्त्यावची जीभ तेल घातल्यासारखी चालते."

"चालू दे की. तुझं काय जातं?"

"जात काय नाय. पण तो बोलला की धाकटे मालक हसतात. माझ्याकडं बघून कधी हसलेत?"

महिन्याभरात मुंबईहून वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक येणार होते. जो नावं नीट म्हणेल त्यानंच त्यांना बाग दाखवायची, आणि पुढेही तोच दाखवेल, असं ठरलं होतं. मी कॉलेजातल्या एका स्नेह्याकडून उच्चार समजून घेतले आणि दयारामला वाचता येत नसल्यानं नावं तोडून तोडून तोंडी शिकवू लागलो. शतावरीचं 'अ‍ॅस्पॅरॅगस रॅसिमोसस' तीन संध्याकाळी चाललं होतं. सकाळी पुन्हा पाटी कोरी.

मग एक दिवस तो आला आणि नावं गाऊ लागला. भजनी मंडळात तो पुढचं म्हणणारा. त्यानं सगळी नावं अभंगाच्या चालीवर बसवली होती. पहिला अडुळसा, शेवटचा अर्जुन. एक अक्षर चुकलं नाही. त्याची बायको रंभा म्हणाली, "गुरुजी, एवढं देवाचं नाव घेतलं असतं तर देव आमच्याकडं जेवायला आला असता."

अडचण एकच होती. मी मध्येच "हिरडा?" असं विचारलं की त्याचे ओठ अडुळशापासून हलू लागत.

दयारामनं त्यावर तोड काढली. निम्मी बाग कुंड्यांत होती. त्या त्यानं वाटेच्या कडेनं चालीच्या क्रमानं मांडल्या. जी झाडं हलणार नव्हती, ती गाण्यात हलवली. बस्त्याव कुंड्या उचलू लागला तर म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे. तुझी जीभ दुखंल."

प्राध्यापक आले त्या दिवशी पुढच्या फाटकात लाकडांची बैलगाडी रुतून बसली होती. मोटार मागच्या फाटकाशी थांबली. प्राध्यापक उतरले आणि समोरच्याच झाडाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "याचं नाव?"

तो अर्जुन होता. दयारामचे ओठ हलू लागले. प्राध्यापक थांबले, धाकटे मालक चुळबुळले. मी बाजूलाच उभा होतो. पलीकडे बस्त्याव झारी घेऊन पाणी घालत होता. नाव त्याला येत होतं. त्यानं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं.

त्यानं झारी खाली ठेवली. "साहेब, इथून ऊन डोळ्यांवर येतंय. दयारामदादा त्या फाटकापासून दाखवतात, तसं छान दिसतं."

ऊन खरं तर सगळ्यांच्या पाठीशी होतं.

दयारामनं अडुळशापासून सुरुवात केली. बोटं मांडीवर ताल धरून होती, ते पाहुण्यांना कळलं नाही. अर्जुनापाशी पोहोचल्यावर प्राध्यापकांनी त्याचा हात हातात घेतला. धाकटे मालक हसले, आणि त्याच्याकडे पाहूनच हसले.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला, तोंड पाडून.

"अरे, मान राहिला ना तुझा? बस्त्याव चांगला माणूस आहे."

"तेच तर, गुरुजी! नावं त्यालाच येतात. आता मोठं मनबी त्यानंच दाखवलं. मग माझ्यासाठी काय ठेवलं?" त्यानं टोपी तिरपी केली. मग उठला. "उद्या त्याला पोपटीला बोलावतो. वालाच्या शेंगा माझ्या शेतातल्या, मडक्यात मी भरणार, भाजायला जाळ मी घालणार. बघू, त्याच्यात कसा पुढं जातोय."