कादिर परकारची वादी

सौदीतल्या जिझानला टिपर चालवायला पहिल्यांदा आला तेव्हा कादिर परकारने स्वतःची चांगलीच फजिती करून घेतली होती. 'टिपर घेऊन वादीत ये' असा कफीलचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, निरोप आला आणि हा रत्नागिरीचा गडी नारळी-पोफळीची वाडी शोधत दिवसभर वाळवंटात फिरला. वादी म्हणजे नदी, तीही कोरडी, हे कळल्यावर सगळा कॅम्प पोट धरून हसला. तेव्हापासून त्याला 'वाडीवाला' हे नाव पडलं.

पण नदी त्याने लगेच ओळखली. त्याच्या गावची नदी अशीच आखूड, सकाळी डोंगरातून निघाली की जेवणवेळेला खाडीत. इथलीही डोंगर उतरून तांबड्या समुद्राकडे निघते, पण वरच धरणाने अडवलेली. समुद्रापर्यंत पोचते ती एखाद्या वर्षी, जोराचा पाऊस झाला तरच. एरवी नुसती वाळू, बाभळी आणि काठाने ज्वारीची शेतं. अलीकडे त्यात टायर, प्लास्टिक आणि पाडलेल्या घरांच्या विटा. ते पाहून कादिरचं डोकं फिरायचं. नदी म्हणजे काय उकिरडा आहे?

पुढे सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसं कमी करून स्थानिकांना नोकऱ्या. परदेशी माणसांपैकी कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे चालवायचा, हे कंपनीत पुण्याच्या इंद्रनील साहेबांच्या हातात गेलं. कादिरचा इकामा संपत आला होता आणि गावी त्याची मुलगी झेबा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. नेमकं तेव्हाच साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की पाडलेल्या गोदामाचा राडारोडा लांबच्या कचरा डेपोत नेऊ नका, वादीत ओता. तुमच्या इकाम्याचं मी बघतो.

कादिर गाडी भरून वादीच्या काठावर गेला. हौदा उचलायच्या दांडीवर हात ठेवला. झेबा आठवली, आणि खरं सांगायचं तर तो घाबरला. मग त्याला स्वतःच्या घाबरण्याचाच संताप आला. त्याने टिपर वळवला आणि थेट ऑफिसच्या दारात आणून उभा केला.

भरलेला टिपर बघून साहेब बाहेर आले. "कादिरभाई, अहो, तिथे पाणी तरी आहे का?"

"नाय. पन पानी नाय म्हणून ती मेली नाय, साहेब. माझा इकामा संपला म्हणजे मी काय मरनार हाय?"

साहेबांनी आवाज चढवला. नोकरी जाईल, म्हणाले. माणसं जमली. कादिर केबिनमध्ये चढला, दांडी ओढली आणि अख्खा हौदा साहेबांच्या पायरीवर रिकामा केला. "खलास," एवढंच म्हणाला.

त्याचा इकामा गेलाच. ढीग उचलायला दुसरा ड्रायव्हर आला. त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं, हे टाकू कुठे? साहेब जमलेल्या माणसांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "डेपोत."