खर्ड्याची बरणी आणि पोरं नसलेलं बेट

लेकीचं लग्न झालं आणि आमच्या घरातलं पोस्ट बंद पडलं.

हे आधी नीट सांगायला हवं. आमच्या घरात नवरा-बायकोचा अबोला झाला, की तो दोघांपैकी कुणी आपणहून मोडत नाही. निरोप मात्र चालतात. माझी आई होती तोवर ते तिच्यामार्फत जायचे. "आत्याबाई, ह्यास्नी म्हणावं, पाणी तापलंय." दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या मला आई तेच पुन्हा मोठ्यानं सांगायची, आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उठायचो. आईनंतर हे खातं लेकीकडं आलं. निरोप पोचवता पोचवता ती त्यातले बोचणारे शब्द गाळायची, पदरचे चार गोड घालायची, आणि दोन दिवसांत आम्ही ताळ्यावर यायचो.

बाहेर मी असा नाही बरं का. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. एक वॉशर न्यायला आलेलं गिऱ्हाईक तासभर माझ्या गप्पा ऐकतं आणि वॉशर काउंटरवरच विसरून जातं. अख्खी गल्ली माझं बोलणं ऐकते. बायकोपुढं मात्र पंचवीस वर्षं मधला माणूस लागत आला.

लेक डिसेंबरात लग्न होऊन पुण्याला गेली. मार्चमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा तिनं आणि जावयानं आम्हाला भेट दिली. मालदीवचं एक बेट, समुद्रात खांबांवर उभं केलेलं लाकडी घर, चार दिवस. "बाबा, एकदम भारी आहे. ॲडल्ट्स ओन्ली."

मी ही बातमी चहाच्या गाड्यावर सांगितली, ती माझी पहिली चूक.

"ॲडल्ट्स ओन्ली?" शेजारचा टायरवाला कप खाली ठेवून म्हणाला. "शेठ, ह्या वयात?"

"अरे, म्हणजे तिथं लहान पोरं नेत नाहीत."

"व्हय, व्हय. सिनेमाच्या पोस्टरवर बी तसंच लिवत्यात की."

बायकोचा गोंधळ वेगळाच होता. "पोरं न्हाईत तर दिवसभर मानसं बघत्यात तरी काय?" खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

भांडण मुंबईच्या विमानतळावर झालं. बायकोनं खर्डा केला होता. तिच्या माहेरच्या, वारणेकाठच्या हिरव्या मिरच्या, लसूण, वर बोटभर तेल. ती त्याची बरणी मोठ्या बॅगेत घालत होती. मी म्हणालो, "बॅगा आपटतात, बरणी फुटंल, माझ्या पांढऱ्या शर्टांचं वाटोळं होईल. हातातल्या पिशवीत घे." तिनं घेतली. तपासणीला जवानानं बरणी काढली, झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि त्याला सलग तीन शिंका आल्या. "ये नहीं जाएगा." मागं वीस-पंचवीस माणसं ताटकळलेली. आणि मी, गल्लीभर बोलणारा मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "किती वेळा सांगितलं हिला, पण ऐकेल तर शपथ!"

रांग हसली. मला हशा फार आवडतो, हे माझं जुनं दुखणं आहे. बायकोनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बूट घालायला बाकावर जाऊन बसली. अबोला सुरू झाला होता, आणि मधलं माणूस पुण्याला होतं.

स्पीडबोटीतून बेटावर उतरलो. पांढऱ्या कपड्यातल्या चौघांनी छातीवर हात ठेवून स्वागत केलं, शहाळी दिली, गार रुमाल दिले. मी रुमालानं मान पुसली. शेजारच्या गोऱ्या बाईनं फक्त बोटं टिपली. मग मीही बोटं टिपली, पण तोवर रुमाल काळा झाला होता.

घरात शिरलो तर पलंगावर टॉवेलाचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले. बायकोनं ते उलगडले, नीट घड्या घातल्या आणि कपाटात ठेवले. न्हाणीघराला एका बाजूला भिंतच नव्हती, नुसती काच, पलीकडं समुद्र. तिनं काचेवर चादर अडकवली. पायाखालीही काच, आणि तिच्याखाली मासे इकडून तिकडं. मी न्हाताना त्यांच्याकडं पाठ करायचो, पण मासे दोन्हीकडं होते. टेबलावर उशांचं मेनूकार्ड होतं, सात प्रकारच्या उशा. बायकोला कुठली हवी हे मला विचारता येईना, म्हणून मी सातही मागवल्या. त्या पलंगावर आमच्या दोघांच्या मधोमध रचल्या गेल्या. तिनंच रचल्या.

आणि शांतता! रडणं नाही, पळापळ नाही, 'बाबा, हे बघा' नाही. सगळीकडं जोडपीच जोडपी, आपापल्या खुर्च्यांवर डोळे मिटून पडलेली. मला वाटलं, ह्या सगळ्यांचाच अबोला आहे की काय. मग एकानं उठून बायकोच्या पाठीला तेल चोळलं आणि माझा तो तर्क बुडाला.

आमच्या जेवणाला एक ठरलेला वाढपी होता. माझ्याच वयाचा, पिकल्या मिशीचा, फार अदबीचा. इंग्रजी बोलायचा. हिंदीचं त्याला 'नमस्ते' तेवढं यायचं आणि मराठीचं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला, आणि माझ्या बायकोला एकदम नवं पोस्ट ऑफिस सापडलं.

"पावणं," ती त्याला म्हणाली, "ह्यास्नी इचारा, रात्री गोळी घेतली का न्हाय."

त्यानं मान डोलावली आणि वहीत लिहिलं.

आता मी मागं राहतो होय! "पावणं, त्यांना सांगा, मला माझ्या गोळ्या कळतात."

त्यानं तेही लिहिलं. दहा मिनिटांनी दोन आमलेट आली.

दुपारी ती म्हणाली, "सांगा त्यास्नी, चारचौघांत बायकोला हसं करून पोट भरलं असंल, तर जेवायची गरज न्हाय." तळलेला मासा आला, वर लिंबाची चकती. मी म्हणालो, "म्हणावं, थट्टा कळायला पण अक्कल लागते." भाजलेला अननस आला. "म्हणावं, बरणी मी मोठ्या बॅगेत घालत हुते, इसरला व्हय?" नारळाचं आइस्क्रीम, दोन चमचे. आमच्या प्रत्येक टोमण्याला एक ताटली येत होती, आणि तिथं सगळं भाड्यातच धरलेलं, त्यामुळं थांबवायचं काही कारणही नव्हतं. संध्याकाळपर्यंत माझा पट्टा एक भोक पुढं सरकला. पोट गच्च आणि भांडण जसंच्या तसं. कारण हा पोस्टमन निरोप पोचवत नव्हता. लेक शब्द गाळायची, हा भरल्या बश्या आणायचा.

तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली. घरी तरी कोण होतं आता? चार दिवसांनी कोल्हापूरला जाऊन कुलूप उघडायचं आणि आत दोघंच. दुकान आठला बंद करून मी घरी जाणार, जेवणार, आणि निरोप कुणाकडं देणार? हे बेट चार दिवसांचं होतं. घरातलं बेट उरलेल्या जन्माचं.

तिसऱ्या दिवशी लेकीनं आधीच सांगून ठेवलेलं खास जेवण होतं. वाळूत एकच टेबल, दोन खुर्च्या, सूर्य बुडायच्या बेतात. वाढप्यानं ताटल्या मांडल्या, एक पितळी घंटा ठेवली, लागलं तर वाजवा अशी खूण केली आणि लांब नारळांपलीकडं निघून गेला. आमच्या दोघांशिवाय तिथं फक्त एक खेकडा होता.

बायकोनं खेकड्याकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता ती त्यालाच निरोप देणार. पण तिनं पर्समधून फोन काढला आणि लेकीला लावला.

"अगं, तुझ्या बाबांना सांग, भाताला मीठ न्हाय, आनि माझा खर्डा असता तर..."

फोन तिनं कानापासून लांब धरला होता, त्यामुळं लेकीचं बोलणं मला ऐकू आलं. "आई, बाबा कुठं आहेत?"

"हे काय, समोर."

"मग त्यांना तूच सांग. तिथं तिसरं कुणी नाही, म्हणूनच तर तिथलं बुकिंग केलं." आणि तिनं फोन ठेवला.

बायकोनं फोन पर्समध्ये टाकला. मी घंटेकडं बघितलं. वाजवली असती तर वाढपी आला असता, वही घेऊन. मी हात मागं घेतला.

"बरणी हातात घे, मी म्हणालो होतो," मी म्हणालो. "आणि तिथं तुझ्यावर ढकललं, तेही मीच."

"कुणाला सांगतायसा?"

"तुला."

तिनं चमचा ताटलीत ठेवला. मग म्हणाली, "तवाच का न्हाय बोलला?"

"माणसं होती गं."

"मानसांत हसं केलं, आनि कबूल करायला वाळवंट व्हय? मानसांत सांगा. मग बघू."

उशा त्या रात्रीही मधोमध राहिल्या.

चौथ्या दिवशी, नाश्त्याला, जागा जोडप्यांनी भरलेली असताना, मी खुर्ची मागं सरकवली आणि उभा राहिलो. गल्लीच्या गणपतीपुढं वापरतो तो आवाज काढला. "पावणं हो! माझ्या बायकोची खर्ड्याची बरणी माझ्यामुळं गेली! तिचा काही दोष नव्हता! मी रांगेत खोटं बोललो!" मराठीतूनच बोललो. दुसऱ्या भाषेत मला कबुली देता येत नाही.

काटे-चमचे थांबले. पिकल्या मिशीचा वाढपी वही खिशात घालून आत पळाला. मग टाळ्या सुरू झाल्या. एक गोरी म्हातारी तर डोळे पुसायला लागली. आतून पाच माणसं गाणं म्हणत आली, पुढं आमचा वाढपी, त्याच्या हातात मेणबत्ती लावलेला केक. त्यांना काय वाटलं ते वाटलं.

बायकोनं तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडते की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर हसत होती. मेणबत्ती तिनंच फुंकली. केक कापला, एक तुकडा वाढप्याला दिला, एक त्या म्हातारीला पाठवला. मी माझी बशी पुढं केली.

तिनं ती माझ्याच हातातून काढून पलीकडं ठेवली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, शुगर हाय तुम्हाला. गोळी घेतली का आधी?"