तयार पेट्या

त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. शवपेट्या करणारा सुतार तो. गळ्यातली टेप फक्त चर्चला जाताना काढून ठेवायचा. बापाकडून हत्यारांबरोबर एक नेमही आला होता: आधी बोलावणं, मग माप, मग करवत. "तयार पेटी ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या मरणावर टपून बसणं," बाप म्हणायचा. "रोजची भाकर रोज मागावी." एवढ्यावर नवरा-बायकोचं बरं चाललं होतं. कुणी गेलं नाही तर तो खुर्च्या दुरुस्त करी, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नसे.

मग तापाची साथ आली. चार दिवसांत सहा पेट्या गेल्या, हात पुरेनात. वखारवाल्याने फळ्या निम्म्या भावात देऊ केल्या. बायको म्हणाली, "तहान लागल्यावर विहीर खणायची तुमची खोड कधी जाणार? बारा करून ठेवा. लोकांचीच सोय होईल." सोय हा शब्द त्याला पटला. माणसाला वाकड्या वाटेने जायचं असलं की असा एखादा सोज्वळ शब्द लागतोच. लहान-मोठ्या मापाच्या बारा पेट्या भिंतीला ओळीने उभ्या राहिल्या, आणि साथ ओसरली.

एक खपली, अकरा उरल्या. जेवताना तो भिंतीकडे पाठ करून बसे, तरी त्या दिसत. रस्त्यात कुणी खोकलं की मान आपोआप वळे. वखारवाल्याची आई दुखण्यातून उठली हे ऐकून "बरं झालं" म्हणताना त्याची जीभ अडखळली. त्या दिवशी त्याला स्वतःचीच भीती वाटली.

रविवारी पाळकांनी साथ गेल्याबद्दल देवाचे आभार मानले. सगळे "आमेन" म्हणाले. त्याचं तोंड उघडेना. लहानपणापासून म्हणत आलेला एवढासा शब्द होता तो. घरी जाऊन सगळ्या पेट्या फोडायच्या, त्यांच्या खुर्च्या करायच्या, असं त्याने मनाशी ठरवलं. तेवढ्यात शेजारी बसलेली बायको खोकली.

त्याने वळून पाहिलं. काळजी वाटायच्या आधीच डोळ्यांनी या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत माप घेतलं होतं.

"असं काय बघताय?" ती हळूच म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला.

दाराकडून तिसरी पेटी तिला बरोबर बसली असती.