गमरेंच्या व्हिएतनामी कोंबड्या

गमरे गेले. त्यांच्या कोंबड्या माझ्याकडे आहेत.

जिवंत नव्हेत. पोस्टाच्या तिकिटांवरच्या. सगळ्या जुन्या आणि सगळ्या व्हिएतनामच्या.

परवा सकाळी बोर्लीतल्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काल त्यांची मुलगी अल्बम घेऊन आली.
"पप्पा म्हणाले होते, बाईंकडे दे. त्या कोणाला हात लावू देणार नाहीत."

ज्यांना गमरे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पशुसंवर्धन खात्यात होते. अख्खी नोकरी श्रीवर्धन तालुक्यातल्या कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस देण्यात गेली. लोक डॉक्टर म्हणत. ते दर वेळी दुरुस्त करत, "डॉक्टर न्हाय, पर्यवेक्षक."

मी शेजारीण. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे.

बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने त्यांना व्हिएतनामच्या हायफाँग बंदरातून पत्र टाकलं होतं. पाकिटावर कोंबडा. तिथून हे सुरू झालं.

"अहो गमरे, फुलं जमवा, देवळं जमवा. कोंबड्या कसल्या? त्याही व्हिएतनामच्या?"

"बाई, वरून बॉम्ब पडत होते तवा या लोकांनी कोंबड्यांची तिकिटं छापली. नुसती कोंबडी न्हाय, जातवार. ही काळी, हा झुंजीचा, ही पिल्लांवाली. उद्या आपण असू नसू, पण आपल्या दारात कोणची कोंबडी होती ते लोकांना कळलं पायजे. केवढी हिंमत!"

मी चष्मा लावून ती काळी कोंबडी पुन्हा पाहिली.

एकदा मी एक तिकीट उलटं करून पाहिलं.
"फसवलं तुम्हाला. मागे गोंदच नाही."
"तवा तिकडं बरीच तिकिटं बिनगोंदाचीच निघायची. तुम्ही आधी ते खाली ठेवा. आणि बोटानं न्हाय, चिमट्यानं."

मला असं दटावणारा गावात हा एकच माणूस.

सहा वर्षांपूर्वी अलिबागला प्रदर्शन होतं. गमरेंनी सोळा पानं तयार केली. वर तिकिटं, खाली इंग्रजीत माहिती. स्पेलिंग तपासायला पानं माझ्याकडे दिली.

जुलै महिना. भिंतींना ओल. पहिल्या पानावर सगळ्यात जुना संच होता, आणि त्यातल्या एका तिकिटावर मला तपकिरी ठिपका दिसला.

मला वाटलं, बुरशी. आता सगळं जाणार.

मी पानं उचलली, बाजारात झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि लॅमिनेट करायला दिली.

हसू नका. आमच्या पिढीने गुणपत्रिका, रेशन कार्ड, जातीचा दाखला, जे जे जपायचं ते ते लॅमिनेट केलं आहे.

पहिलं पान मशीनमधून बाहेर आलं आणि लाइट गेली. केवळ म्हणून बाकीची पंधरा वाचली.

गमरेंनी ते पान खिडकीपाशी नेलं. उजेडात वरखाली करून पाहिलं. गरम प्लास्टिकमध्ये कायमची चिकटलेली तिकिटं. जमवणाऱ्यांच्या लेखी ती संपली. हे मला कोणी सांगितलं नाही, त्यांच्या पाठीकडे बघून कळलं.

मग वळून म्हणाले, "बाई, लस टोचलीत. आता हिला मानमोडी होत न्हाय."

प्रदर्शनाच्या नियमाने सोळा पानं लागत होती. त्यामुळे तेही पान लावावं लागलं.

अलिबागच्या हॉलमध्ये परीक्षक त्या पानापाशी थांबले. "हे कोणी केलं?"

हा प्रश्न मी बत्तीस वर्षं वर्गात विचारला आहे. कोणी केलं? उभं राहा!

मी दोन पावलांवर होते.

गमरे म्हणाले, "माझ्याकडनं झालं."

"इतकी वर्षं जमवताय आणि एवढं कळत नाही?"

लोक हसले. मी शो-केसमध्ये बघत राहिले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "खोटं का बोललात?"
"तुम्हाला दुसऱ्याला उभं करायची सवय हाय, बाई. सवता उभं राहायला टाइम लागंल."
एवढं बोलून त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

तेव्हापासून ते "लॅमिनेशनवाले गमरे" झाले. अदलाबदलीला बसले की कोणी त्यांच्या हातात तिकीट देईना. त्यांच्या हातात, ज्यांनी उघड्या बोटाने कधी तिकिटाला स्पर्श केला नाही!

त्याच जुन्या संचाची दुसरी प्रत महाडच्या एका संग्राहकाकडे होती. गमरे दोनदा गेले. "तुमच्याकडे नको, तुम्ही वाया घालवता," असं तोंडावर ऐकून आले. संच शेवटपर्यंत मिळाला नाही.

मला हे सगळं माहीत होतं. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारायचे, "बाई, च्या झाला का?"

काल संग्राहकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "लॅमिनेशनवाले गमरे गेले." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

तर आता नीट वाचा.

ते पान मी लॅमिनेट केलं. त्यांना न विचारता. गमरेंच्या हातून एकही तिकीट कधी खराब झालं नाही. त्या दिवशी ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी बोलू दिलं.

अलिबागच्या हॉलमध्ये जे होते त्यांनी हे वाचावं. जे हसले होते त्यांनी दोनदा वाचावं. महाडच्या गृहस्थांना कोणीतरी ही पोस्ट पाठवा. "लॅमिनेशनवाले" म्हणायचंच असेल तर पुढचं त्यांचं नाव खोडा, माझं लिहा.

गमरे असते तर म्हणाले असते, राहू द्या बाई. नाही राहू देणार.

त्यांच्या घरी श्रद्धांजली म्हणत नाहीत, आदरांजली म्हणतात. मला तोच शब्द हवा आहे. या माणसाबद्दल मला अतिशय आदर होता, आणि तो चारचौघांत बोलून दाखवायला मी फार उशीर केला.

जय भीम, गमरे.