वायपरच्या मोटरचा पाळणा

चहा घ्या आधी. सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सारसोळ्यात हे कुणाला माहीत नाही? गल्लीतली पोरं तिखटमीठ लावून सांगतील, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

आमची मच्छीची व्हॅन शेवटी भंगारात गेली. जाण्याआधी मी तिच्या वायपरची मोटर आणि बॅटरी काढून ठेवली. मुलगा हरेश म्हणाला, हे कशाला? शाळेत मी फार गेलो नाही, पण भर खाडीत होडीचं इंजिन उघडून परत बसवलेला माणूस आहे. मला कुणी विचारायचं नसतं.

पुढे सुनेला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून सून उरणला माहेरी. बारसंही तिकडेच व्हायचं, तशी रीतच आहे. पण मी अडून बसलो. बारसं माझ्या घरी होईल, असं विहीणबाईंना फोनवर सांगून टाकलं. का? तर मी पाळणा बनवत होतो. सागवानी फळ्या, वर लोखंडी चौकट आणि चौकटीला ती मोटर. बटण दाबलं की पाळणा आपोआप हलणार. दोरी ओढत बसायला नको. असा पाळणा उरणात कुणी बघितला होता का?

विहीणबाई कशाबशा तयार झाल्या. पण म्हणाल्या, माझ्या मनाला पटलं तर पोर तिथे ठेवीन, नाहीतर संध्याकाळी मायलेकींना परत घेऊन येईन. मी हसलो. मला काळजी कसली?

रोज दुपारी पाळण्यात तांदळाची पिशवी ठेवून मी तो चालवून बघायचो. असा झुलायचा, की बघता बघता मलाच डुलकी लागायची.

बारशाच्या सकाळी मनात आलं, ही व्हॅनची म्हातारी बॅटरी पाहुण्यांसमोर बसली तर? माझी इज्जत काय राहील? हरेशच्या नव्या गाडीची बॅटरी काढली आणि जोडून टाकली.

हरेश म्हणाला, "बाबा, एकदा चालवून तरी बगा."

"मला शिकवू नको," मी म्हणालो.

तिथेच माती खाल्ली. जुनी बॅटरी अर्धमेली होती, म्हणून मोटर मरगळून फिरत होती. तो मऊ झोका माझ्या कारागिरीचा नव्हता, बॅटरीच्या अशक्तपणाचा होता.

दुपारी घर बायकांनी भरलं. बाळाआधी पाळण्यात वरवंटा ठेवतात, तुम्हाला माहीत आहे. त्याला टोपडं घालायचं, बाळासारखं जोजवायचं, मग बाळाची पाळी. मला धीर कुठला? मी सगळ्यांसमोर म्हणालो, दगडाला कशाला झोके देता, सरळ पोरीलाच ठेवा.

बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. "अवो, तुमी मोटर बगा. रीत आमी बगताव."

वरवंटा ठेवला. मी मिशीवरून हात फिरवला आणि बटण दाबलं.

पाळणा झुलला नाही हो, थडथडला. धुवांधार पावसात वायपर कसा चालतो, तसा. खट् खट् खट् खट्. बायकांचं गाणं थांबलं. टोपडं उडालं. मी घाईघाईने बटण बंद केलं. पण बटण बंद केलं म्हणून वायपर काचेच्या मधोमध थांबतो का? तो आपल्या जागेवर जाऊनच आडवा होतो. पाळण्यानेही तेच केलं. जागेवर जाता जाता एक शेवटचा हिसका दिला, आणि वरवंटा उडून विहीणबाईंच्या पुढ्यातल्या घुगऱ्यांच्या परातीत.

घुगऱ्या त्यांच्या केसांत. माझ्या सदऱ्यावर. कुणीही हसलं नाही. विहीणबाईंनी पोरीला छातीशी धरलं होतं. मी परातीतल्या वरवंट्याकडे बघितलं, मग पोरीकडे. सरळ पोरीलाच ठेवा, हे माझे शब्द साऱ्या घराने ऐकले होते.

विहीणबाई लेकीला म्हणाल्या, "सामान भर. पोर माज्यासंगं येईल."

या घरात मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशी माझ्याहून लहान बाईपुढे हात जोडले. म्हणालो, "पोरीला नेऊ नका. मोटर आत्ता काढतो."

तसाच पाना घेऊन पाळण्याखाली बसलो. सगळ्या बायका बघत होत्या आणि मी एकेक नट सोडवत होतो. हरेश मदतीला आला नाही. बरोबरच केलं त्याने.

मोटर खाली आली. विहीणबाईंनी स्वतः पाळण्याला सुती दोरी बांधली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं.

"पोर ऱ्हाईल. पन दुपारची ही दोरी दुसऱ्या कुनाच्या हातात दिसली, तर त्याच दिवशी नेईन."

मी ओढू लागलो. हळूहळू. पोर झोपली.

मोटर दुसऱ्या दिवशी भंगारात गेली. आता दुपारी पोर कुरकुरली, की आमची बायको ओट्यावर येते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारते, "मोटर कुठं हाय?"

ही बघा, आलीच हाक. तुमचा चहा होऊ द्या सावकाश. मला जावं लागेल.