ऑल्डरथॉर्पची न दिसणारी भिंत

सिरिल हीथकोटने जन्मभर जे काम केलं, ते चांगलं जमलं की कुणाला दिसतच नाही.

ऑल्डरथॉर्प हॉल या जुन्या हवेलीची हिरवळ जिथे संपते तिथे छातीएवढा खोल चर आहे आणि घराच्या बाजूने त्या चराला दगडी भिंत आहे. दिवाणखान्याच्या खिडकीतून ना चर दिसतो, ना भिंत. गवत थेट पलीकडच्या कुरणापर्यंत गेलेलं दिसतं. मेंढ्या मात्र अलीकडे येऊ शकत नाहीत. आमच्या डर्बीशायरमध्ये, इंग्लंडात सगळीकडेच, अशा लपलेल्या भिंतीला हा-हा म्हणतात. तिची डागडुजी करणारा गवंडी सिरिल नुसतं ‘ती’ म्हणायचा.

त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. उत्तर द्यायच्या आधी दोघी हात पाठीमागे बांधून क्षणभर जमिनीकडे बघत. ही लकब बापाची. दगड निवडताना तोही तसाच उभा राहायचा. एकदा उचललेला दगड पुन्हा खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची, हा त्याचा नियम होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हॉलच्या दिवाणखान्यात पाहुण्यांना माहिती सांगायला जाऊ लागले. सिरिल तेव्हा चौऱ्याहत्तरचा होता. त्या वर्षी जानेवारीच्या पावसात ‘ती’ चौदा यार्ड कोसळली. हॉलची नवी व्यवस्थापक पिपा लँगडन चांगली मुलगी होती, पण तिच्यापुढे तारीख होती. ईस्टरच्या शनिवारी हॉल पाहुण्यांसाठी उघडायचा होता.

“तोपर्यंत भिंत झाली नाही तर खांब रोवून तारेचं कुंपण घालावं लागेल, सिरिल,” ती म्हणाली. “मेंढ्या फुलझाडांत शिरतील. तात्पुरतंच घालू.”

“तात्पुरतं,” सिरिल म्हणाला. “चर्चचं पत्र्याचं छप्परही तात्पुरतंच होतं. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो. अजून तेच आहे.”

“तुम्हाला झेपेल?”

“नाही झेपलं तर तुझी तार आहेच की, पोरी.”

तो दुसऱ्याच दिवशी चरात उतरला. आधी पडलेले दगड उपसून गवतावर मांडले, मोठे एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला. मग तळाचे धोंडे बसवले. चुना नाही, सिमेंट नाही. भिंत मातीकडे किंचित कलती ठेवायची आणि मागे लहान दगड ठासून भरायचे, म्हणजे पाणी झिरपून निघून जातं. त्याची बायको एनिड दुपारी चीज-कांद्याचे सँडविच घेऊन यायची आणि काठावर बसून त्याला टोमणे मारायची.

“घरचं फाटक दोन वर्षं लोंबकळतंय. तिथे हात नाही लागत तुझा.”

“फाटक लाकडाचं आहे.”

“आणि मी?”

“तू दगडाची,” सिरिल म्हणाला. “म्हणून तर टिकलीस.”

हॉल उघडायला नऊ दिवस उरले तेव्हा दोनच यार्ड बाकी होते. पिपाने कुंपण घालणाऱ्या तारवाल्याला नको म्हणून कळवायची तयारी केली. त्याच सकाळी मी चरापाशी गेले, तर सिरिल आपणच बांधलेली भिंत वरून उतरवत होता. तीन यार्ड.

“सिरिल, हे काय?”

“थंडीच्या आठवड्यात घाई केली मी. मागे दगड ठासले नाहीत, नुसते ओतले.”

“बाहेरून तर काही कळत नाही.”

“तुम्हाला नाही कळत, मास्तरीणबाई. मागच्या पाण्याला कळतं.”

पिपा धावत आली. ती काही बोलायच्या आतच त्याने सांगितलं, “तारवाल्याला येऊ दे. पण पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी. त्याच्या आधी नको.”

ते नऊ दिवस त्याचं मुरगळलेलं उजवं मनगट पट्टीत होतं. तो डाव्या हाताने दगड बसवायचा आणि उजव्या कोपराने रेटायचा. शुक्रवारी संध्याकाळी तारवाला खांब घेऊन आला, तेव्हा सिरिल भिंतीच्या माथ्यावर गवताची शेवटची पट्टी पायाने दाबत होता. तारवाल्याने चरात उतरून भिंतीवरून तळवा फिरवला आणि खांबांसकट गाडी वळवली.

शनिवारी सकाळी मेंढ्या कुरणात सोडल्या. साडेअकराच्या सुमाराला दिवाणखान्यात एक गृहस्थ घाईघाईने माझ्याकडे आले. “बाई, तुमच्या मेंढ्या सुटल्यात. हिरवळीवर आल्यात. बागेकडचं दार लावा आधी, नाहीतर आत येतील.”

मेंढ्या चराच्या पलीकडेच होत्या. मी त्यांचे आभार मानले आणि थेट मागच्या अंगणात गेले. सिरिल आणि एनिड बाकावर चहा घेत होते. मी सांगितलं.

सिरिलने कप खाली ठेवला. “काय म्हणाला? परत सांगा. एनिड, ऐक.”

मी परत सांगितलं. एनिडने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “जा, बघून ये. इतकी वर्षं खालूनच बघत आलायस.”

हे मला माहीत नव्हतं. दिवाणखान्यात तो कधी आलाच नव्हता. त्याने दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. बाहेर गवत एकसंध होतं आणि त्यावर मेंढ्या आणि त्यांची कोकरं. त्याची नजर डावीकडून उजवीकडे हळूहळू गेली आणि कुठेच अडली नाही.

मागे पाहुण्यांची रांग वाढत गेली. एक बाई म्हणाली, “हे गृहस्थ सरकतील का जरा?”

“नाही,” मी म्हणाले. “ते सरकणार नाहीत.”